शनिवारचं पाकीट

गेल्या मार्चमधली गोष्ट. रविवारची रात्र, साडेआठचा सुमार. आमच्या नारायणगावात जेवणं उरकत आलेली असतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे अकरा वाजलेले असतात. मुलाचा फोन यायची ती ठरलेली वेळ. त्या दिवशी मात्र पडद्यावर आधी नात आली. ती बारा वर्षांची आहे, सातवीत शिकते. तिचं मराठी इंग्रजीच्या चालीवर चालतं, पण चालतं.

‘आबा, तुम्ही कधी बात मित्झ्वाला गेला आहात का?’

तिच्या वर्गातल्या एका ज्यू मैत्रिणीचं आमंत्रण आलं होतं. तिच्यामागून मुलगा डोकावला, त्याच्यामागून सूनबाई, आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. सगळ्यांनी जायचं का? आहेर किती करायचा? पन्नास डॉलर, शंभर, की आपल्यासारखं एकशे एक? साडी चालेल का? तिथलं मटण आपण खातो तसंच असतं ना? सूनबाईंचे आईवडील तेव्हा तिकडे गेलेले होते. त्यांना घरी एकटं ठेवणं बरं दिसत नाही, त्यांनाही न्यावं का?

अमेरिकेत राहणाऱ्या माणसांनी हे नारायणगावच्या निवृत्त मास्तराला विचारावं याची मला गंमत वाटली. पण त्यांनी योग्य माणसाला विचारलं होतं.

‘बातला नाही, पण बार मित्झ्वाला गेलोय,’ मी म्हटलं. ‘एकदाच. १९६६ साली, पुण्यात, रास्ता पेठेत. आणि तिथे आमच्याकडून जेवढ्या चुका होण्यासारख्या होत्या तेवढ्या झाल्या.’

तिकडे सगळे एकदम गप्प झाले. मुलाला ही गोष्ट मी कधी सांगितली नव्हती.

मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला, घोडेगावकडचा. घरची शेती, चार म्हशी. सातवी झाल्यावर वडिलांनी, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मला पुण्याला मामाकडे शिकायला ठेवलं. मामा रेल्वेत होता आणि रास्ता पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचा. शाळेत माझ्या बाकावर बसणारा मुलगा शेजारच्याच गल्लीतला. आडनावाच्या शेवटी ‘कर’, घरात बोलणं मराठीत, आजी नऊवारीत. हा आपल्यापेक्षा काही वेगळा आहे हे मला कित्येक दिवस कळलंच नव्हतं. एवढंच दिसायचं, की शनिवारची सकाळची शाळा तो बिनदिक्कत बुडवतो आणि मास्तर त्याला चकार शब्द बोलत नाहीत. आम्हाला त्याचा भारी हेवा वाटायचा.

तो बेने इस्राएल होता. आपल्या कोकणातले हे मराठी ज्यू. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा हा वंश वाढला, असं ते परंपरेनं सांगतात. कोकणात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. ज्या गावात राहिले त्या गावाला ‘कर’ जोडून त्यांची आडनावं झाली: पेणकर, रोहेकर, दिवेकर. ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड आठवतात ना? त्यांचं आडनाव चेऊलकर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर ही मंडळी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करत. १९४८ साली इस्राएलची स्थापना झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत यातली बहुतेक माणसं तिकडे गेली. जाताना गावाची नावं घेऊन गेली. आमचं मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव तेवढं राहिलं. त्यामुळे गाव सुटल्यावरही आडनावात गाव बाळगणारी ही माणसं मला परकी वाटत नाहीत.

आपल्या भागातल्या लोकांचा ज्यूंशी संबंध कधी आला, असं कुणी विचारलं तर मी ससून रुग्णालयाचं नाव सांगतो. जुन्नर-आंबेगावातल्या किती घरांतली माणसं तिथल्या खाटेवरून बरी होऊन आली असतील! ते उभं राहिलं बगदादहून मुंबईला आलेल्या डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून. लष्करातलं लाल देऊळ, म्हणजे १८६७ सालचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, तेही त्यांचंच. पण ते बगदादी ज्यूंचं. आमच्या गल्लीतल्या बेने इस्राएलांचं प्रार्थनामंदिर वेगळं, रास्ता पेठेतच, १९२१ साली बांधलेलं सुकाथ शेलोमो.

तर डिसेंबर महिना होता. मित्रानं येऊन सांगितलं, ‘या शनिवारी माझी बार मित्झ्वा आहे. तुझ्या घरच्यांनाही बोलव. आजीनं सांगितलंय.’ मी नानांना पोस्टकार्ड टाकलं. नाना शुक्रवारी रात्री मंचरहून एस.टी.नं आले. हातातल्या पिशवीत एक किलो पेढे आणि साजूक तुपाची बरणी. आल्या आल्या त्यांनी मामाला विचारलं, ‘म्हंजी त्यांची मुंज म्हन की.’

मामा म्हणाला, ‘तसंच काहीतरी.’

तसं नाही ते. मुंजीत बटू साधारण आठ वर्षांचा. तिथून त्याचं शिकणं सुरू होतं, म्हणून गुरू त्याला मंत्र देतो. इथे शिकणं आधीच झालेलं असतं आणि मुलगा सर्वांसमोर ते करून दाखवतो. ‘बार’ म्हणजे मुलगा, ‘बात’ म्हणजे मुलगी, ‘मित्झ्वा’ म्हणजे धर्माची आज्ञा. ज्यू पंचांगानुसार मुलाला तेरा वर्षं पूर्ण होऊन एक दिवस झाला की धर्माच्या सगळ्या आज्ञा त्याला लागू होतात. मुलीला परंपरेनं बारा वर्षांनीच. समारंभ करा अगर करू नका, वय झालं की जबाबदारी आली. पुष्कळ ठिकाणी बाप त्या दिवशी एक छोटी प्रार्थना म्हणतो. तिचा अर्थ असा, की याच्या चुकांचं माप आजपासून माझ्या पदरात पडणार नाही, देवा, तुझे उपकार. मी हे पुढे केव्हातरी वाचलं तेव्हा नानांची आठवण होऊन हसू आलं. ही प्रार्थना त्यांनी माझ्यासाठी रोज म्हटली असती.

मुलींचा समारंभ त्या मानानं अलीकडचा. अमेरिकेतली पहिली बात मित्झ्वा झाली १९२२ साली न्यूयॉर्कला. मॉर्डेकाय कॅप्लन या धर्मगुरूनं आपल्या मुलीची, ज्युडिथची केली. आज अमेरिकेतल्या पुष्कळ सिनेगॉगांत मुलगी मुलाच्याच बरोबरीनं पोथी वाचते. आपल्याकडे पुण्यात ज्ञान प्रबोधिनीनं मुलींच्या मुंजी लावल्या, त्याच जातीची ही गोष्ट.

आणि एक बाब मला फार उशिरा कळली. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ लागतात. सनातनी पद्धतीत दहा पुरुष. नऊ असतील तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. तेरा वर्षांचा मुलगा त्या दहांत धरला जातो. रोज गलबतं भरून माणसं निघून जात असताना रास्ता पेठेतल्या त्या मंडळींना एक नवा माणूस मोजायला मिळाला होता. आमच्या गावची पन्नास माणसं तिथे जाऊन बसली असती तरी त्या मोजणीत त्यांची भर शून्य. मुलाची आजी पहाटेपासून का रडत होती ते मला तेव्हा कळायला हवं होतं, पण बारा वर्षांच्या पोराला काय कळणार!

तर नातीच्या आमंत्रणाकडे येतो.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो माणसं किती न्यायची यात. आपल्या जुन्नर-आंबेगावात आमंत्रण म्हणजे सहकुटुंब, सहपरिवार. यात्रेला तर आमंत्रणही लागत नाही. नारायणगावच्या मुक्ताबाईच्या यात्रेला घरी पाहुणा आला आणि त्याच्याबरोबर त्याचे चार पाहुणे आले, तर यजमानाची मान ताठ होते. पातेल्यात पाणी वाढवायचं आणि पंगत वाढवायची. अमेरिकेतल्या आमंत्रणात मात्र पाकिटावर ज्याचं नाव त्यालाच बोलावणं. नातीच्या पाकिटावर एकटीचं नाव होतं. म्हणजे एकटीनंच जायचं. आईबापांनी तिला सोडायचं आणि वेळेवर घ्यायला यायचं. मुलाला हे कानकोंडं वाटलं. ‘बाबा, त्यांचं घर आपल्यापासून पाच मिनिटांवर आहे, मी त्यांना ओळखतो!’ ओळखत असशील. पण तिथे ताटं मोजून ठरलेली असतात, बसायच्या जागांवर नावं लिहिलेली असतात, आणि सातवीतल्या मुलांना त्या वर्षी अशी आमंत्रणं ढीगभर येत असतात. प्रत्येकानं सासूसासरे नेले तर यजमान दिवाळखोर व्हायचा.

त्याच्यापाठोपाठचा घोळ उत्तराचा. आपण ‘बघू’, ‘जमवतो’ म्हणतो आणि तो होकार की नकार ते समोरच्यानं ताडायचं असतं. त्या आमंत्रणासोबत उत्तराची चिठ्ठी असते, तारीख दिलेली असते. त्या तारखेच्या आत हो किंवा नाही एवढंच कळवायचं. आणि हो म्हटल्यावर त्या दिवशी फुटबॉलची मॅच निघाली म्हणून जायचं टाळायचं नाही. मुलांना हे आधी बजावून सांगावं लागतं. त्यांना दोन मैत्रिणींची आमंत्रणं एकाच दिवशी आली तर ज्याला आधी हो म्हटलं तिकडेच जायचं, दुसरीकडची मेजवानी कितीही झकास असो.

बहुतेक ठिकाणी कार्यक्रम दोन असतात: सकाळी सिनेगॉगमधली प्रार्थना आणि नंतर किंवा संध्याकाळी मेजवानी. पुष्कळ घरची मुलं सकाळची दांडी मारून थेट संध्याकाळी उगवतात. हे म्हणजे अक्षता चुकवून नुसतं पंगतीला जाणं. ज्या मुलीनं वर्षभर हिब्रूतली पोथी घोकली, तिची परीक्षा सकाळी असते. नातीला मी सांगितलं, एकाच ठिकाणी जाता येणार असेल तर सकाळी जा.

आम्ही त्या शनिवारी सकाळीच गेलो होतो. नानांच्या डोक्यावर नेहमीची पांढरी टोपी. दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं ती पाहून मान डोलावली. मी मात्र बोडका. त्यानं खिशातून एक काळी गोल टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि दोन बोटांनी दाबली. देवासमोर डोकं झाकायचं, ही गोष्ट आमच्या तालुक्यात कुणाला शिकवावी लागत नव्हती त्या काळी. आता टोप्या गेल्या, तर सांगावं लागतं: पुरुषांनी, मुलग्यांनी टोपी घालावी. ज्यू नसलेल्यांनीही. ती दाराशी ठेवलेली असते. काही जणांच्या खांद्यावर झालरीची शाल दिसेल, ती मात्र पाहुण्यांनी घ्यायची नाही. मुलींनी खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घालावेत. सलवार-कमीज उत्तम, साडी तर त्याहून उत्तम. रास्ता पेठेतल्या निम्म्या बायका साडीतच होत्या. सनातनी सिनेगॉगमध्ये स्त्रिया वेगळ्या बसतात. मामी तिकडे गेली आणि तासाभरात दोन बायकांशी तिची अशी गट्टी जमली की निघताना तिला हाका माराव्या लागल्या.

आतली पोथी म्हणजे चामड्यावर हातानं लिहिलेली लांबच लांब गुंडाळी. ती ज्या कपाटात असते ते उघडलं की सगळे उभे राहतात. आपणही उभं राहावं. सगळे बसले की बसावं. अक्षरांना बोट लावत नाहीत, म्हणून एक चांदीची काडी असते, तिच्या टोकाला इवलासा हात. ती काडी ओळींवरून फिरवत माझा मित्र वाचत होता, वाचत कसला, विशिष्ट चालीवर गात होता. त्या लिपीत पोथीत स्वरांच्या खुणा नसतात. म्हणजे आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटी काढून टाकलेली ज्ञानेश्वरी समोर ठेवावी तसं. एका जागी तो अडखळला. शेजारच्या म्हाताऱ्यानं हळूच शब्द सांगितला, तो पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. बाकावर माझ्या शेजारी बसून भूगोलाच्या तासाला झोपणारा हाच तो, हे खरं वाटेना. वाचन झाल्यावर लोक त्याच्या हाताला बोटं लावून ती आपल्या ओठांना लावत होते. काही ठिकाणी मुलावर गोळ्या-चॉकलेटं उधळतात. ती वेचायला लहान मुलांना मुभा असते, पण नेम धरून मारायची नसतात. अभिनंदन करायचं ते ‘मझल तोव’ म्हणून.

मोबाइलबद्दल मी फार लिहीत नाही. शनिवार असेल तर तो बाहेर काढूच नये. शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत पूर्ण विसावा. चूल पेटवायची नाही, वाहनात बसायचं नाही, लिहायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, पैशाला हात लावायचा नाही. सगळेच ज्यू हे सारखं पाळत नाहीत. पण प्रार्थनेच्या जागी ज्यांच्यात सगळ्यात कडक पाळणारे असतील त्यांना धरून वागावं. पोथी सोमवारी आणि गुरुवारीही वाचतात. त्या दिवशीची बार मित्झ्वा असेल तर फोटोंची अडचण येत नाही.

आता खाणं.

प्रार्थना झाल्यावर पेल्यांतून सरबत आलं. द्राक्षारसाच्या जागी बेने इस्राएल घरांत मनुका भिजवून सरबत करतात. काळपट, गोड, किंचित तुरट. नारायणगावच्या बागांतून फेब्रुवारीत काळी जंबो द्राक्षं निघायला लागली की मला हटकून ते आठवतं. मग आम्ही मित्राच्या घरी जेवायला गेलो. शुक्रवारी शिजवून ऊबेत ठेवलेलं मटण, भात, गव्हाच्या चिकाचा हलवा. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, हलव्यातही नारळाचं दूध. नाना मन लावून जेवले. जेवण होताच त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, सुतळी सोडली आणि पहिला पेढा मित्राच्या तोंडाजवळ नेला.

मित्रानं तोंड मागे घेतलं. आजी लगबगीनं पुढे आली. ‘भाऊ, आता नको. ठेवा, रात्री खाऊ.’ तिनं पुडा उचलून फळीवर ठेवला.

मांस आणि दूध एका जेवणात खायचं नाही, ही ज्यूंची जुनी आज्ञा आहे. भांडीसुद्धा वेगळी ठेवतात. मटणानंतर दुधाचं खायचं तर काही तास जावे लागतात. म्हणून तर कोकणातल्या या सुगरणींनी नारळाच्या दुधावर सगळा स्वयंपाक तोलला. आम्ही म्हशींच्या गावची माणसं. आनंद झाला की पेढा, दुसरं आम्हाला सुचत नाही. तो पेढा घेऊन नाना तसेच उभे राहिले. शेवटी त्यांनी तो स्वतःच खाल्ला.

म्हणून सांगतो, ज्यू घरी खाण्याची वस्तू न्यायची झाली तर अख्खी फळं न्यावीत. त्यांना कसलाच अटकाव नाही. घरी केलेलं काही नेऊ नये, मग तुमच्या हातच्या पुरणपोळ्या कितीही नावाजलेल्या असोत. द्राक्षं चालतील, द्राक्षाचा रस विचारल्याशिवाय नको, कारण त्याचे नियम वेगळे आहेत. त्यांच्या पानात डुकराचं मांस नसतं, कोळंबी-खेकडे नसतात. आपली मुलं शाकाहारी असतील तर उत्तराच्या चिठ्ठीत आधीच लिहावं. आयत्या वेळी ‘आमची खात नाही हं’ म्हणून यजमानांना धावायला लावू नये.

पण नानांना लागलं ते पेढ्याचं नव्हे. त्याच्याही आधी, सिनेगॉगच्या अंगणात, एक गोष्ट घडून गेली होती. मित्र बाहेर आला तेव्हा नानांनी कोपरीच्या खिशातून दहाची नोट आणि रुपयाचं नाणं काढलं. १९६६ साली अकरा रुपये म्हणजे आमच्या घराला थोडे नव्हते. ते त्यांनी मुलाच्या हातात द्यायला धरले, तर मुलानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्याचे वडील घाईनं म्हणाले, ‘आज नको, भाऊ.’ पुढचं काही बोलायच्या आत त्यांना कुणीतरी हात धरून आत नेलं. नोट हातात, भोवती शंभर माणसं. नाना नोटेची घडी घालत राहिले.

परतताना गल्लीच्या तोंडाशी ते एवढंच म्हणाले, ‘आपल्या पैशाला काय इटाळ झालाय व्हय? आन् पेढ्यालाबी?’ आणि मामाच्या दारात, ‘परत त्या घरी जायाचं न्हाई.’ रविवारी पहाटेच्या एस.टी.नं ते निघून गेले.

सोमवारी शाळेत मित्र म्हणाला, ‘शनिवारी आम्ही पैसे घेत नाही रे. तुझे नाना काल का नाही आले? आजीनं तुमच्यासाठी चहाचं आधण ठेवलं होतं. पेढे आम्ही रात्री खाल्ले, मस्त होते.’

मला सगळं त्याच दिवशी कळलं होतं. नानांना पत्र लिहून कळवता आलं असतं. पण आमच्या पिढीची पोरं बापाला ‘तुमचं चुकलं’ असं कुठल्या तोंडानं सांगणार! मी त्या घरी जायचं बंद केलं. बाकावर आम्ही शेजारी बसत राहिलो, पण आजीनं बोलावलं की मी काहीतरी कारण काढायचो. त्यानं दोन-तीनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. १९६९ साली ते सगळे इस्राएलला गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला आपली कंपासपेटी दिली. मी त्याला काही दिलं नाही.

आहेराबद्दल मी जे सांगतो त्याच्यामागे एवढं आहे. शनिवारी सिनेगॉगमध्ये पाकीट नेऊ नये. आधी पोस्टानं पाठवावं, किंवा दुसऱ्या दिवशी घरी द्यावं. रक्कम किती, तर आपण जसा वर एक रुपया ठेवतो तसा अमेरिकेतल्या ज्यूंचा अठराचा हिशेब असतो. हिब्रू अक्षरांना अंकांची किंमत असते. ‘हाय’ म्हणजे जिवंत, आणि त्याच्या दोन अक्षरांची बेरीज होते आठ अधिक दहा. म्हणून अठरा, छत्तीस, चोपन्न डॉलर अशा पटीत देतात. मुलाला हे इतकं आवडलं की त्यानं लगेच चोपन्न ठरवले. वर्गमित्राच्या आहेराला तेवढे पुष्कळ झाले. पुस्तकही चालतं. गणपतीची मूर्ती मात्र देऊ नये. आपण प्रेमानं देतो, पण मूर्ती त्यांच्या धर्मात बसत नाही आणि टाकताही येत नाही, बिचाऱ्यांची पंचाईत होते.

मी इतिहास शिकवायचो. दरवर्षी मुलांना जुन्नरच्या लेण्यांवर न्यायचो. तिथे ब्राह्मी लिपीत यवनांचे लेख आहेत. यवन म्हणजे नाणेघाटाच्या व्यापारी वाटेच्या काळात इथे आलेले पश्चिमेकडचे परदेशी. त्यातल्या इरिल नावाच्या यवनानं बौद्ध संघाला पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्यानं भोजनमंडप दिला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या पाहुण्यांनी स्वतःच्या देशातली अपूर्वाईची वस्तू आणून भिक्षूंच्या गळ्यात मारली नाही. पाणी आणि जेवायला जागा, भिक्षूंना जे हवं ते दिलं. त्यांनी ते कुणालातरी विचारलं असणार. हा लेख मुलांना वाचून दाखवताना माझ्या डोळ्यांपुढे फळीवरचा पेढ्यांचा पुडा यायचा, पण मुलांना ते कधी सांगितलं नाही.

आणखी थोडं. मेजवानीत मंडळी रिंगण धरून नाचतात, मुलीला खुर्चीसकट उचलतात, आपल्याला ओढलं तर जावं. पाय बरोबर पडले नाहीत तरी कुणी बघत नाही. मेणबत्त्या लावायला जवळच्यांना एकेक करून बोलावतात, त्यात आपलं नाव आलं नाही म्हणून मुलांनी हिरमुसू नये. आणि त्या देशातल्या युद्धाविषयी, राजकारणाविषयी यजमानांची मतं त्या दिवशी काढू नयेत. एका मुलीचा दिवस आहे, तो तिच्याकडेच राहू द्यावा.

नानांना मी अखेर सांगितलं ते १९८८ साली. ते थकले होते, ओट्यावर गोधडी पांघरून बसलेले असायचे. शनिवार, पैसे, दूध, मटण, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ समोरच्या गोठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मंग ऐतवारी जायाला पायजे व्हतं.’

नातीचा समारंभ झाला त्यानंतरच्या रविवारी मी साडेआठची वाट न पाहता सातलाच फोन लावला. ती आत्ताच उठली होती.

‘आबा, तुम्ही सांगितलं तसं काहीच नव्हतं,’ ती म्हणाली. ‘तिथे सगळे शनिवारीच पाकिटं देत होते. पार्टीत एक मोठा बॉक्स ठेवला होता. फोटोही काढले सगळ्यांनी.’

त्या सिनेगॉगची रीत सैल होती. आधी एक फोन करून विचारा, हे सांगायचं मीच विसरलो होतो.

‘मग तू पाकीट टाकलंस का त्यात?’

‘नाही ना. तुम्ही नको म्हणालात म्हणून बाबानं ते घरीच ठेवलं.’

‘मग आता?’

‘आता बाबा आणि मी जाणार आहोत त्यांच्या घरी. बाबानं फोन केला त्यांना. तिची आजी म्हणाली, या, चहा ठेवते.’